नेमलेली जागा

ॲडव्होकेट पिनहास वाकरूळकर अमेरिकेत आले ते व्याख्यानं देऊन उन्हाळा संपायच्या आत परत जाण्यासाठी. १९७५चा जून होता. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठाने त्यांना भारतीय राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांवर बोलायला बोलावलं होतं. दोन व्याख्यानं झाली आणि तिसऱ्याच्या आदल्या दिवशी आणीबाणीची बातमी आली. वाकरूळकरांनी तिसरं व्याख्यान ठरलेल्या विषयावरच दिलं, फक्त क्रियापदं भूतकाळात केली.

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या समाजातले. आजोबांचा पेणजवळ वाकरूळला घाणा होता, वडील अलिबागच्या कोर्टात कारकून होते आणि पिनहास त्याच कोर्टात वकील झाले. पुढे मुंबईच्या हायकोर्टात त्यांचं नाव झालं. कुठल्याच पक्षाशी त्यांचं जमलं नाही. समाजवादी त्यांना भांडवलदारांचा माणूस म्हणत, आणि भांडवलदार त्यांची फी ऐकून संशयात पडत. तरी पदवीधर मतदारसंघातून ते दोनदा अपक्ष म्हणून विधान परिषदेवर निवडून आले. माणसाला चौकशीवाचून तुरुंगात ठेवू देणारा कुठलाही कायदा सभागृहात आला की ते उठत आणि थोड्याफार फरकाने तेच भाषण करत. मतदानात पुष्कळदा ते एकटेच विरोधात असत. त्याचं त्यांना विशेष वाटत नसे.

आणीबाणीच्या पहिल्याच आठवड्यात पोलीस त्यांच्या मुंबईच्या ऑफिसवर गेले. वकील परदेशात आहेत हे कळल्यावर त्यांनी ज्युनियरची चौकशी केली. ज्युनियर होता त्र्यंबक मोकल, अलिबागजवळच्या आगरी घरातला, हुशार आणि अंगापिंडाने दांडगा. तो मागच्या जिन्याने निघून गेला आणि भूमिगत झाला. थोड्याच दिवसांत वाकरूळकरांचा पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं. पुढे सभागृहातली जागाही गैरहजेरीच्या कारणावरून रिकामी जाहीर झाली.

त्यांच्या व्याख्यानांना दादाराव गजभिये नावाचा नागपूरचा विद्यार्थी नेमाने येत असे. तो इंजिनीअरिंगचा, कायद्याशी त्याचा संबंध नव्हता. बाबासाहेबांच्या घटनेवर आपल्याकडचं कुणीतरी इथे येऊन बोलतं आहे, एवढंच त्याला पुरेसं होतं. परत जायची वाट बंद झाल्यावर त्यानेच आपल्या अपार्टमेंटमधला सोफा देऊ केला. वाकरूळकर तो हिवाळाभर त्या सोफ्यावर झोपले. दिवसा ते जमेल तिथे जाऊन आणीबाणीविरुद्ध बोलत. कधी सभागृह भरलेलं असे, कधी बोलावणारे आणि दादाराव एवढेच असत.

पत्नी मिलका अलिबागला होत्या. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. दिवाळीच्या सुमारास त्यांचं पोट दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी कॅन्सरचं निदान केलं. वाकरूळकरांनी परतीचे कागद मागितले. येण्यापुरते कागद मिळतील, असा निरोप आला. विमानतळावर पोलीस घ्यायला येतील हे त्या निरोपात नव्हतं, पण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी डॉक्टरांच्या घरच्या फोनवर ट्रंक कॉल लावला. मिलकाबाई म्हणाल्या, "येऊ नका. तुम्ही आलात तर तुम्ही तुरुंगात आणि मी दवाखान्यात. भेट तर व्हायची नाहीच. तिथे आहात तर निदान बोलता तरी येतंय तुम्हाला."

ते गेले नाहीत. जानेवारीत मिलकाबाई वारल्या. त्यांच्या बहिणीने, लेयाबाईंनी, तार केली आणि नंतर दोन ओळी लिहून कळवलं, सगळं रीतीप्रमाणे पार पडलं.

दुसऱ्या वर्षी आणीबाणी उठली. तुरुंगातून लोक बाहेर आले, त्यांच्या मिरवणुका निघाल्या. वाकरूळकरांना पासपोर्ट परत मिळाला, तिकिटाचीही अडचण नव्हती. पण मुंबईच्या एका वर्तमानपत्राने 'अमेरिकेतून लढलेले वकील' असा त्यांचा उल्लेख केला आणि तो त्यांना अन्यायाचा वाटला नाही. घरात कुणी उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. लेयाबाईही इस्राएलला गेल्या. धाकटा भाऊ तिथे अश्दोदला आधीच स्थायिक झाला होता, तो सारखा बोलवत होता. वाकरूळकरांनी त्याला सांगितलं की, "मला हाकललं ते अलिबागहून. दुसऱ्या कुठल्या गावाला जाऊन मी परत आलो असं कसं म्हणू?" भावाला हे वकिली बोलणं वाटलं आणि तसं ते होतंही.

अशी वर्षं गेली. डेट्रॉइटमधल्या एका लॉ स्कूलच्या ग्रंथालयात त्यांना परदेशी कायद्यांची पुस्तकं सांभाळायची नोकरी मिळाली. अमेरिकन कोर्टात वकिली करायची तर पुन्हा परीक्षा द्यायला हवी होती. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती दिली नाही. ओक पार्क या उपनगरात त्यांनी दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं, कारण तिथे यहुदी वस्ती होती आणि बस मिळत असे. गाडी ते कधी शिकले नाहीत. जवळच्या सिनेगॉगमध्ये सुरुवातीला ते जात. लोक चांगले होते. पण तिथे दर आठवड्याला कुणीतरी नवा माणूस प्रेमाने विचारी, तुमच्या लोकांनी धर्म कधी बदलला? वाकरूळकर सांगत की बदलला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात सांगतात. ऐकणारा मान डोलवी. पुढच्या आठवड्यात दुसरा कुणीतरी तेच विचारी. त्यांना राग आला नाही, कंटाळा आला. त्यांनी जाणं सोडलं.

मराठी मंडळींशी मात्र संबंध राहिला. दादाराव आता एका मोटार कंपनीत इंजिनीअर होता. त्याच कंपनीत चारुदत्त पाटणकर ब्रेकच्या डिझाइनवर काम करी. चारुदत्त आणि त्याची बायको कांचन यांनी डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला नवं घर घेतलं होतं. कांचनचं माहेर अलिबागचं, त्यामुळे वाकरूळकर तिचे काका झाले. महाराष्ट्र मंडळाची नियमावलीही त्यांनीच लिहून दिली. मंडळाच्या सभासदत्वाला जात, धर्म आणि पोटभाषा यांची अट असणार नाही, हे कलम त्यांनी सर्वांत वर घातलं तेव्हा एकाने विचारलं, याची इथे गरज आहे का? वाकरूळकर म्हणाले, गरज नसेल तर त्याचा त्रासही होणार नाही. त्यावर मत घ्यावं लागलं. कलम थोड्या मतांनी टिकलं.

१९८५च्या ऑक्टोबरात त्र्यंबक मोकल डेट्रॉइटला आला. आता तो राज्यमंत्री होता, गृहखात्याचा. आणीबाणीनंतर तुरुंगातून सुटला तो थेट निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. दोन-तीन वर्षांनी त्याने पक्ष बदलला आणि ज्यांनी त्याला आत टाकलं होतं त्यांच्यातच गेला. वाकरूळकरांना हे सगळं ग्रंथालयात उशिराने येणाऱ्या वर्तमानपत्रांतून कळलं होतं. त्र्यंबकने एकदोनदा नववर्षाला शुभेच्छा पाठवल्या होत्या, यहुदी नववर्षाला, आणि तेही बरोबर दिवशी. वाकरूळकरांनी आभार मानले होते. त्यापलीकडे दोघांमध्ये काही बोलणं झालं नव्हतं.

एका औद्योगिक शिष्टमंडळाबरोबर तो आला होता. शनिवारी मंडळाने एका हायस्कूलच्या सभागृहात त्याचा सत्कार केला. परिचय करून देणाऱ्याने सांगितलं की, साहेब भूमिगत असताना गुप्त सभा घेत होते आणि भाषण चालू असताना त्यांना अटक झाली. टाळ्या पडल्या. त्र्यंबकने व्यासपीठावरून वाकरूळकरांना हुडकलं, खाली उतरला आणि सगळ्यांसमक्ष त्यांच्या पायाला हात लावला. लोकांना ते फार आवडलं. वाकरूळकर संकोचून उभे राहिले. घरी जाताना गाडीत ते दादारावला इतकंच म्हणाले की, पोराचं वजन वाढलं आहे.

रविवारी दुपारी कांचनकडे जेवण होतं. तिने सॅमनचं ओल्या नारळातलं कालवण केलं होतं, कारण काका यहुदी नियमाप्रमाणे खवल्यांचाच मासा खात. त्र्यंबक दोनदा भात मागून घेऊन जेवला, आणि अलिबागच्या बाजारात मासळी कशी महाग झाली आहे, ते चारुदत्तला सांगत राहिला. जेवणं झाली. चारुदत्त कॉफी करायला उठला, कांचन त्याच्यामागे आत गेली. दादाराव खिडकीजवळ बसून होता. त्यालाही उठावंसं वाटलं, पण वाकरूळकरांनी त्याला हाताने बस म्हणून खुणावलं.

त्र्यंबक मुद्द्यावर आला. राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमायच्या सभासदांत एक जागा रिकामी होणार होती. कला, साहित्य, समाजसेवा, अशा क्षेत्रांतला माणूस हवा असतो. त्याने मुख्यमंत्र्यांच्या कानावर वाकरूळकरांचं नाव घातलं होतं आणि त्यांना ते पसंत होतं. मुंबईत राहायला जागा मिळेल. पुन्हा सभागृहात बसता येईल.

"तुमची जागा तुमच्याकडून काढून घेतली होती, साहेब," तो म्हणाला. "ती परत द्यायचीय. बाकी काही नाही."

वाकरूळकरांना आनंद झाला हे दादारावला दिसलं. गेली दहा वर्षं तो त्यांना जवळून पाहत होता आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला त्याने पाहिला नव्हता. त्यांनी सभागृहातले कोण कोण हयात आहेत ते विचारलं. जुना सचिव अजून आहे का, विचारलं. मग पाण्याचा पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ते स्थानबद्धतेचं विधेयक तूच मांडलंस ना?"

त्र्यंबक म्हणाला, हो. त्याने थोडक्यात समजावलं. हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा, गोदीतले तस्कर यांच्याविरुद्ध कुणी साक्ष द्यायला येत नाही. साक्षीदाराला मारतात. म्हणून वर्षभर विनाचौकशी आत ठेवायचा अधिकार पोलिसांना दिला आहे. राजकीय माणसांसाठी तो कायदा नाहीच.

"आणीबाणीच्या वेळीही तस्करांपासूनच सुरुवात झाली होती," वाकरूळकर म्हणाले. "मी तुझं भाषण वाचलं. कायदा कुणाविरुद्ध वापरणार नाही, त्याची यादी तू चांगली दिलीयस. पण यादी भाषणात आहे. कायद्यात नाही."

"साहेब, तुम्ही इथे राहता. तिथे काय चाललंय ते बघा एकदा."

"तू आत राहून आलेला आहेस. तुला तरी कळायला हवं होतं."

हे त्र्यंबकला लागलं. तो खुर्चीत पुढे सरकला. दादारावला वाटलं की आता हा आवाज चढवणार. पण तो हळू आवाजातच बोलला.

"मी आत का गेलो ते तुम्हाला माहीत आहे?"

"काल ऐकलं. सभेत पकडलं तुला."

"सभाबिभा काही नव्हती. मला मिलकाबाईंच्या मयताला पकडलं."

मग त्याने सांगितलं. जानेवारीत तो रेवदंड्याच्या बाजूला एका वाडीत लपलेला होता. मिलकाबाई गेल्याचं त्याला संध्याकाळी कळलं. विद्यार्थी असताना तो त्यांच्या घरी जेवलेला होता. गणित त्याला कधी आलं नव्हतं आणि मॅट्रिकच्या परीक्षेआधी त्यांनी त्याला महिनाभर समोर बसवून शिकवलं होतं. सकाळी तो अलिबागला गेला. पोलीस येणार हे त्याला ठाऊक होतं. नवरा गुपचूप आला तर सापडेल, म्हणून साध्या कपड्यांतले पोलीस दफनभूमीपाशी आधीपासून बसलेच होते. इस्राएल आळीतली बहुतेक घरं तोवर बंद झाली होती, माणसं इस्राएलला गेलेली. खांदा द्यायला माणसं कमी पडत होती. त्र्यंबकने खांदा दिला आणि दफनभूमीपर्यंत सोडला नाही. तिथे फौजदाराने त्याला ओळखलं. फौजदार जवळ आला, कानात म्हणाला, "मोकल, पळू नका, इथे शोभा नको." त्र्यंबक म्हणाला, पळायचं असतं तर आलो नसतो. आत डोकं झाकून जावं लागतं, म्हणून फौजदाराने डोक्याला हातरुमाल बांधला आणि शेवटपर्यंत उभा राहिला. सगळ्यांनी माती लोटली. त्र्यंबकनेही लोटली. नंतर त्याला गाडीत घातलं.

"बाहेर आल्यावर पक्षाचे लोक म्हणाले, मयताला पकडलं असं सांगू नकोस, परदेशातल्या माणसाशी संबंध दिसतो," त्र्यंबक म्हणाला. "सभेत पकडलं असं छापा. छापलं. मग तेच चालू राहिलं."

कॉफी घेऊन आलेला चारुदत्त दारातच थांबला होता. कांचनने त्याच्या हातातला ट्रे घेतला आणि आवाज न करता टेबलावर ठेवला.

वाकरूळकरांनी विचारलं, "कद्दिश कोणी म्हटलं?"

मेलेल्या माणसासाठी म्हणायची ती प्रार्थना. ती म्हणायला यहुदी धर्माचे दहा पुरुष हजर असावे लागतात.

"ते झालं नाही," त्र्यंबक म्हणाला. "प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणाले, दहा भरत नाहीत. मी म्हटलं, मला धरा, यांना धरा, इतकी माणसं उभी आहेत. ते म्हणाले, तसं चालत नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं."

"लेयाने कळवलं होतं, सगळं रीतीप्रमाणे झालं."

"तुम्ही इकडे एकटे होतात, साहेब. त्या काय कळवणार?"

वाकरूळकर उठले. डेकचं दार सरकवून बाहेर गेले. अंगात फक्त सदरा होता आणि बाहेर चांगलंच गार होतं. कांचन चारुदत्तचं जाकीट घेऊन निघाली, पण दादाराव तिला म्हणाला, थांबा थोडं. ते कठड्याला धरून उभे होते, पाठमोरे. शेजारचा माणूस लॉनवर पानं गोळा करत होता. त्याने हात हलवला, यांनीही हलवला. थोड्या वेळाने आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि आवाज नेहमीसारखा होता.

ते त्र्यंबकच्या शेजारी बसले. म्हणाले, "तू केलंस ते नवऱ्याचं काम होतं. मी ते केलं नाही. तिने येऊ नको म्हटलं आणि मी ऐकलं. लवकर ऐकलं, असं मला नेहमी वाटत आलंय. तुझे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"उपकार कसले, साहेब. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"नाही. तुझ्या मागच्या बाकावर मला बसता येणार नाही. बसलो तर पहिल्याच दिवशी तुझ्याविरुद्ध उठावं लागेल."

"मग उठा की. कोण नको म्हणतंय?"

"तूच नेमलेला माणूस तुझ्याविरुद्ध उठला, तर लोक म्हणतील, बघा, किती उदार सरकार आहे. तुला त्याचा फायदाच होईल." ते किंचित हसले. "मी निवडून आलो होतो, त्र्यंबक. माझी गेली ती जागा ही नव्हे."

त्र्यंबकने आग्रह धरला नाही. तो त्यांना पुरता ओळखत होता. निघताना तो पुन्हा वाकला, पण या वेळी वाकरूळकरांनी त्याला मध्येच धरलं आणि जवळ घेतलं. दोघं उंचीने विजोड होते, त्यामुळे ते जरा अवघडच झालं. मग गाडी आली आणि मंत्री शिकागोला गेले.

त्या आठवड्यात वाकरूळकर ओक पार्कच्या सिनेगॉगमध्ये गेले. तिथला धर्मगुरू, रब्बाय, नवीन होता, तिशीतला. पत्नीसाठी कद्दिश म्हणायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. केव्हा वारल्या, असं त्याने विचारलं आणि उत्तर ऐकून तो गोंधळला. वाकरूळकर म्हणाले, मृत्यूची बातमी तेव्हाच मिळाली, पण दफनाची आता मिळाली. रब्बायने थोडा विचार केला आणि म्हणाला, उद्या सकाळच्या प्रार्थनेला या, माणसं असतात.

दादाराव कामावर उशिरा येतो म्हणून सांगून त्यांना घेऊन गेला. चारुदत्त आणि कांचनही आले. दोघा पुरुषांना दारात टोप्या दिल्या, त्या घालून ते मागच्या बाकावर बसले. कांचन बायकांच्या बाजूला गेली, तिथे ती एकटीच होती. प्रार्थना त्यांना कळली नाही. शेवटी वाकरूळकर उभे राहिले आणि त्यांनी ते शब्द म्हटले, तिथल्या लोकांच्या चालीवर नव्हे तर अलिबागच्या चालीवर, कारण त्यांना दुसरी येत नव्हती. मधल्या जागी बाकीच्यांनी आमेन म्हटलं. एकदा ते अडखळले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने शब्द सांगितला. नंतर तोच म्हातारा त्यांच्याजवळ आला. तो पोलंडचा होता. बायको काय करायची, असं त्याने विचारलं. शाळेत गणित शिकवायची, असं कळल्यावर म्हणाला, गणित चांगलं. धर्म कधी बदलला, हे त्याने विचारलं नाही.

वाकरूळकर हिवाळाभर रोज सकाळी तिथे गेले. वसंतात त्यांनी ग्रंथालयाची नोकरी सोडली.

आपण अलिबागला परत जाणार, हे त्यांनी नोव्हायला जेवणाच्या टेबलावर सांगितलं. चारुदत्तने हिशेबी मुद्दे काढले. "काका, तिथे इन्शुरन्स नाही, काही नाही. उद्या तब्येत बिघडली तर कोण मॅनेज करणार? आणि ती ऑफर तर तुम्ही रिफ्यूज केलीत." कांचनने राहणार कुठे ते विचारलं. कोर्टाजवळ दोन खोल्या बघायला सांगितल्या आहेत, म्हणाले.

खरा वाद दादारावने घातला, आणि तो गाडीत, परत जाताना. तो म्हणाला की, त्याचं बालपण गेलं त्या वस्तीत असेच दादा होते. बायकांना पाण्यावर जायची भीती वाटे. त्यातल्या एखाद्याला वर्षभर उचलला तर वस्ती सुटकेचा श्वास घेते. घटनेचं मला सांगू नका, ती आमच्या बाबासाहेबांनीच लिहिली आहे. वाकरूळकरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू म्हणतोस ते खरं असेल. मग त्याच्यावर खटला भरा. साक्षीदाराला संरक्षण द्या. ते कठीण आहे म्हणून सोपं काम केलं, तर उद्या उचलला जाणारा कोण असेल ते तू मला सांग." दादारावला ते पूर्ण पटलं नव्हतं. पण मे महिन्यात विमानतळावर त्यांना पोचवायला तोच गेला.

पुढचं नोव्हायला फोनवरून कळत गेलं. कांचन महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी फोन लावी. वाकरूळकरांनी पुन्हा काळा कोट घातला होता. पहिलं मोठं काम आलं ते पनवेलकडच्या एका हातभट्टीवाल्याचं. त्र्यंबकच्या कायद्याखाली तो आत होता आणि एकही वकील त्याच्याजवळ जायला तयार नव्हता. माणूस खरोखरच वाईट होता, वाकरूळकरांनी ते लपवलं नाही. पण स्थानबद्धतेची कारणं त्याला इंग्रजीत लिहून दिली होती आणि त्याला मराठी जेमतेम वाचता येत होतं. आपल्याला का धरलंय हे माणसाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, एवढाच मुद्दा त्यांनी हायकोर्टात लढवला. हुकूम रद्द झाला. वर्तमानपत्रांनी वाकरूळकरांवर टीका केली. पनवेलला त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात बायका पुष्कळ होत्या.

काही महिन्यांनी त्याच माणसाच्या दारूने दोघे मेले. या वेळी मोर्चातल्याच दोन बायका साक्ष द्यायला उभ्या राहिल्या, खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. त्याने वाकरूळकरांकडे निरोप पाठवला होता. त्यांनी वकीलपत्र घेतलं नाही. त्या दोन मृत्यूंबद्दल ते फोनवर फार वेळ बोलले. मी त्याला सोडवला नसता तर ते जगले असते, हे त्यांनी स्वतःच म्हटलं. कांचनने तसं नका म्हणू म्हटलं, तर म्हणाले, नाही, ते म्हणायलाच हवं, आणि तरीही हुकूम चुकीचाच होता. ही दोन्ही वाक्यं मला रोज एकत्र म्हणावी लागतात.

१९८८मध्ये ते पदवीधर मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले आणि पडले. त्र्यंबकच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. त्र्यंबकने जाहीर सभेत आपल्या गुरूंविरुद्ध जोरदार भाषण केलं, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी पापलेटं घेऊन त्यांच्या खोलीवर गेला. दोघं जेवले. तेव्हाही कायद्यावरून भांडण झालंच, असं वाकरूळकरांनी सांगितलं. महिन्यातून एकदा तरी होतं.

हा फोन चालू असताना दादाराव नोव्हायलाच होता. त्याने फोन हातात घेऊन विचारलं, काका, निवडणूक हरलात, वाईट वाटलं का?

"वाटलं," वाकरूळकर म्हणाले. "पण कोणाकोणाची मतं मिळाली नाहीत ते मला नावानिशी माहीत आहे. त्यांतले दोघे आत्ता माझ्या दारात येऊन बसलेत. एकाच्या भावाला उचललंय. ठेवतो आता."